लुईस अल्व्हारेझ : डायनासोरांच्या अंताचा शोध घेणारे भौतिकशास्त्रज्ञ

पडेगावहून दौलताबादच्या दिशेने निघाले की जे डोंगर दृष्टीस पडतात, त्यांचे माथे सपाट असून उतार पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. डोंगरांचे हे रूप सह्याद्रीपासून थेट विदर्भापर्यंत आढळते. पृथ्वीच्या पोटातून पुन्हा पुन्हा बाहेर आलेला लाव्हा थरावर थर साचत थिजत गेला आणि त्यातून ही भूमी घडली. जिन्याला स्वीडिश भाषेत ट्रॅपा म्हणतात. त्यावरून भूशास्त्रज्ञांनी या खडकांना दख्खन ट्रॅप असे नाव दिले. औरंगाबाद लेणी, वेरूळ आणि अजिंठा येथील शिल्पे याच काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. आपली शाळा ज्या भूमीवर उभी आहे, तिच्याखालीही हाच पाषाण आहे.

याच पाषाणावर गेली चार दशके एक गंभीर आरोप आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरील जवळजवळ तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या. जमिनीवरचे महाकाय डायनासोर गेले, आकाशात विहरणारे सरीसृप गेले, समुद्रातील अमोनाइट नावाचे शंखधारी जीव गेले. मगरी, कासवे, बेडूक, पक्षी आणि लहान सस्तन प्राणी यांच्यापैकी काही तेवढे तगले. हा संहार दख्खनच्या लाव्ह्याने घडवला की आकाशातून कोसळलेल्या एखाद्या प्रचंड लघुग्रहाने, असा हा वाद आहे. लघुग्रहाच्या बाजूने पहिला भक्कम पुरावा ज्यांच्या प्रयत्नांतून पुढे आला, ते लुईस अल्व्हारेझ भूशास्त्रज्ञ नव्हते आणि जीवाश्मांचे अभ्यासकही नव्हते. ते अणुगर्भाचे अभ्यासक होते, आणि या विषयाकडे वळले तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. त्यांचे जीवन विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे आहे. त्यांच्या थोरवीसाठी, आणि त्यांच्या उणिवांसाठीही.

बालपण आणि शिक्षण

लुईस वॉल्टर अल्व्हारेझ यांचा जन्म १३ जून १९११ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. त्यांचे आजोबा स्पेनमध्ये जन्मलेले वैद्य होते. हवाई बेटांवर त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम केले होते. वडील वॉल्टर हेही नामवंत डॉक्टर आणि संशोधक होते. पुढे वडील मेयो क्लिनिक या प्रसिद्ध रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा किशोरवयीन लुईस यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तेथील यंत्रशाळेत उपकरणे घडवण्याचे काम शिकण्यात घालवल्या. हाताला लागलेले हे वळण त्यांना जन्मभर उपयोगी पडले.

वडिलांनी मुलाला एक सवय लावून घेण्यास सांगितले होते. काही महिन्यांतून एकदा तरी एक अख्खी संध्याकाळ खुर्चीत डोळे मिटून बसावे आणि सोडवण्याजोगे नवे प्रश्न कोणते, याचाच विचार करावा, अशी ती सवय. लुईस यांनी ती पाळली. त्यांच्या कार्याचा विस्तार पाहिला म्हणजे या उपदेशाचे मोल कळते.

शिकागो विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकण्यासाठी गेले आणि भौतिकशास्त्रात रमले. तेथे त्यांना आर्थर कॉम्प्टन यांच्यासारखे नोबेल पारितोषिक विजेते गुरू लाभले. १९३३ मध्ये विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी तरुण लुईस मेक्सिको सिटी येथे गेले. तेथील एका हॉटेलच्या गच्चीवर त्यांनी आपले उपकरण हातगाडीवर चढवले आणि ते कधी पूर्वेकडे, कधी पश्चिमेकडे वळवून किरणांची मोजणी केली. पश्चिमेकडून येणारे किरण अधिक निघाले; त्यावरून हे किरण धनभारित कणांचे आहेत असा निष्कर्ष निघाला. शोधनिबंध प्रसिद्ध करताना कॉम्प्टन यांनी विद्यार्थ्याचे नाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर घातले. गुरूच्या मनाचा हा मोठेपणा येथे मुद्दाम नोंदवला आहे. पुढे त्याची आठवण ठेवण्याचा प्रसंग येईल.

१९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अणूचा गर्भ कधी कधी स्वतःभोवतीचाच एक इलेक्ट्रॉन गिळतो, ही केवळ कागदावर असलेली कल्पना त्यांनी प्रयोगाने सिद्ध केली. ट्रिटियम किरणोत्सारी असल्याचेही त्यांनी रॉबर्ट कॉर्नोग यांच्यासह दाखवून दिले. १९३९ च्या जानेवारीत केस कापून घेत असता वर्तमानपत्रात त्यांनी युरेनियमचा गर्भ दुभंगल्याची बातमी वाचली. केस अर्धवट ठेवून ते खुर्चीतून उठले आणि धावतच प्रयोगशाळेत गेले.

युद्ध आणि एक पत्र

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी प्रथम रडारवर काम केले. दाट धुक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नसताना जमिनीवरून रडारच्या साहाय्याने त्याला सूचना देऊन विमान सुखरूप उतरवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. या पद्धतीमुळे युद्धात आणि युद्धानंतरही असंख्य प्राण वाचले.

त्यानंतरचे त्यांचे काम मात्र प्राण वाचवणारे नव्हते. १९४४ मध्ये ते लॉस अलामॉस येथे गेले. प्लुटोनियम बॉम्बमधील सर्व स्फोटके एकाच क्षणी पेटावीत यासाठी लागणारी युक्ती त्यांनी लॉरेन्स जॉन्स्टन यांच्यासह शोधून काढली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा मागोमाग जाणाऱ्या दुसऱ्या विमानात अल्व्हारेझ होते. स्फोटाची शक्ती मोजण्यासाठी पॅराशूटने सोडलेल्या उपकरणांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. खाली एक शहर जळत होते. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तेथे सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्यू पावली असा अंदाज केला जातो. विमानात बसून अल्व्हारेझ आकडे नोंदवत होते.

परतीच्या प्रवासात त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलास एक पत्र लिहिले. मुलाचे नाव आजोबांच्या नावावरून वॉल्टर असे ठेवले होते. पत्र वाचण्याचे त्याचे वय नव्हते. मोठेपणी त्याने ते वाचावे, अशी पित्याची इच्छा होती. हजारो नागरिकांच्या मृत्यूस आपण कारणीभूत झालो याची खंत त्यात होती, आणि हे भयंकर अस्त्र राष्ट्रांना युद्धापासून परावृत्त करील अशी आशाही होती. तीन दिवसांनी नागासाकीवर टाकलेल्या उपकरणांसोबत त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी आणखी एक पत्र जोडले होते. ते बर्कले येथे पूर्वी त्यांच्याबरोबर काम केलेल्या रियोकिची सागाने या जपानी भौतिकशास्त्रज्ञाच्या नावे होते आणि जपानच्या नेत्यांना या अस्त्राची कल्पना द्यावी, अशी विनंती त्यात होती.

युद्धानंतर अल्व्हारेझ शस्त्रांपासून दूर गेले असते तर त्यांचे चरित्र लिहिणे सोपे झाले असते. परंतु १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्ब बनवावा असा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. मोठ्या बुद्धीचा माणूस प्रत्येक बाबतीत योग्य वाटेनेच जातो असे नाही.

नोबेल पारितोषिक आणि पिरॅमिड

पुढील काळात त्यांनी मूलकणांच्या अभ्यासासाठी द्रव हायड्रोजनने भरलेली प्रचंड बुद्बुद-कक्ष यंत्रे उभारली. या यंत्राची मूळ कल्पना डोनाल्ड ग्लेसर यांची. अल्व्हारेझ यांनी तिला ७२ इंच लांबीचे रूप दिले. त्यातून अनेक नव्या कणांचा शोध लागला आणि १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अल्व्हारेझ यांना मिळाले.

याच सुमारास त्यांनी इजिप्तमधील खाफ्रे राजाच्या पिरॅमिडचा अभ्यास हाती घेतला. आकाशातून येणारे म्युऑन कण दगडातून आरपार जातात. दगडात पोकळी असेल तर ते अधिक संख्येने खाली पोहोचतात. पिरॅमिडच्या तळाशी कणमापक ठेवून, एकही दगड न हलवता, आत गुप्त दालन आहे का हे त्यांनी इजिप्तच्या संशोधकांसह तपासले. तपासलेल्या भागात दालन नव्हते. तुम्हाला काहीच सापडले नाही, असे कोणी म्हटले की ते त्याला दुरुस्त करीत. दालन नाही हे आम्हाला सापडले, असे त्यांचे सांगणे असे. नकारार्थी उत्तर हेही उत्तरच असते, ही शास्त्राची शिस्त त्यात होती.

दोन सेंटिमीटरचा थर

मुलगा वॉल्टर मोठा होऊन भूशास्त्रज्ञ झाला. १९७० च्या दशकात तो इटलीतील गुब्बिओ या गावाजवळ चुनखडीच्या थरांचा अभ्यास करीत होता. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या त्या खडकात खालच्या बाजूस सूक्ष्म सागरी जीवांचे विपुल जीवाश्म होते आणि वरच्या बाजूस त्यांतील बहुतेक नाहीसे झाले होते. मधोमध जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर होता. त्यात जीवाश्म जवळजवळ नव्हतेच. डायनासोरांचा अंत झाला तो काळ नेमका हाच. वॉल्टर यांनी त्या खडकाचा एक तुकडा घासून पुसून वडिलांना भेट दिला.

लुईस यांना प्रश्न पडला की हा थर साचण्यास किती काळ लागला असावा. दहा वर्षे की दहा हजार वर्षे? त्यांनी एक घड्याळ सुचवले. अंतराळातून पृथ्वीवर उल्काधूलीचा सतत मंद वर्षाव होत असतो. इरिडियम हा धातू पृथ्वीच्या कवचात अत्यंत दुर्मीळ, पण उल्कांमध्ये तुलनेने भरपूर असतो. थरातील इरिडियम मोजले की तो साचण्यास लागलेला काळ कळेल, असा त्यांचा हिशेब होता. बर्कले येथील फ्रँक असारो आणि हेलन मिशेल हे दोघे प्राचीन मातीची भांडी कोठे बनली हे त्यांतील सूक्ष्म घटकांवरून ओळखण्यात निष्णात होते. गुब्बिओच्या मातीची तपासणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली.

१९७८ मध्ये निकाल आला आणि घड्याळाची कल्पनाच निरर्थक ठरली. त्या थरात इरिडियमचे प्रमाण आजूबाजूच्या खडकापेक्षा सुमारे ३० पट होते. मंद वर्षावातून एवढा साठा होणे शक्य नव्हते. पुढे डेन्मार्कमधील त्याच काळाच्या थरात ते सुमारे १६० पट, तर न्यूझीलंडमध्ये सुमारे २० पट आढळले. म्हणजे घटना स्थानिक नव्हती. साऱ्या पृथ्वीवर घडली होती.

हे इरिडियम कोठून आले? प्रथम त्यांना वाटले की जवळच एखादा तारा स्फोट पावून त्याची राख पृथ्वीवर पडली असावी. तसे असेल तर त्या मातीत प्लुटोनियम-२४४ हे द्रव्य सापडले पाहिजे. पहिल्या तपासणीत ते सापडल्यासारखे वाटले. एवढ्यावर जगभर कीर्ती मिळाली असती. परंतु त्यांनी नव्या नमुन्यावर संपूर्ण तपासणी आरंभापासून पुन्हा केली आणि प्लुटोनियमचा मागमूसही मिळाला नाही. पहिल्या नमुन्यात बाहेरून भेसळ झाली होती. ताऱ्याची कल्पना त्यांनी तेथेच सोडून दिली. अल्व्हारेझ यांच्या सबंध आयुष्यात विद्यार्थ्यांनी घ्यावा असा सर्वांत मोठा धडा बहुधा हाच असेल.

उरला तो लघुग्रह. पण एका जागी पडलेला दगड साऱ्या पृथ्वीवरचे जीव कसा मारील? १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याची धूळ उंच वातावरणात जाऊन जगभर पसरली होती आणि रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याच्या आधारे लुईस यांनी मांडले की आघाताने उडालेल्या धुळीने सूर्यप्रकाश अडवला, वनस्पतींची अन्ननिर्मिती थांबली, वनस्पतींवर जगणारे प्राणी उपासमारीने मेले आणि त्यांच्यामागोमाग मांसाहारी प्राणीही. लघुग्रहाचा व्यास सुमारे १० किलोमीटर असावा असे गणित निघाले. पिता-पुत्र, असारो आणि मिशेल या चौघांचा हा निबंध जून १९८० मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेदरलँड्सचे यान स्मिट यांनाही स्पेनमधील अशाच थरात स्वतंत्रपणे इरिडियम सापडले होते.

दख्खनचा दावा

या सिद्धान्ताला लगेच विरोध झाला. जीवाश्मांच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की डायनासोर आणि अमोनाइट त्या थराच्या आधीच हळूहळू कमी होत आले होते. अमेरिकेतील मोंटाना येथे डायनासोरची शेवटची हाडे त्या थराच्या सुमारे तीन मीटर खालीच संपत होती. मग मेलेल्यांना लघुग्रहाने काय मारले?

दुसरा विरोध ज्वालामुखीच्या पक्षाचा होता. १९८१ मध्ये अमेरिकेतील डेवी मॅक्लीन यांनी दख्खनच्या लाव्ह्याकडे बोट दाखवले. आजही हा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे आणि सह्याद्रीत त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. एवढा लाव्हा बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू किती निघाले असतील याची कल्पना केली की हा मुद्दा किती वजनदार होता ते कळते. कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापते, गंधकाच्या धुक्याने काही काळ ती थंड होते, पावसात आम्ल उतरते, समुद्राच्या पाण्याचा समतोल ढळतो. हवाईतील किलाउआ ज्वालामुखीच्या वायूंतही इरिडियम असल्याचे १९८३ मध्ये आढळले, तेव्हा या पक्षाला आणखी बळ आले. १९८६ मध्ये फ्रान्सचे व्हँसां कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या खडकांतील चुंबकत्व तपासून दाखवले की यांतील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांहून कमी अवधीत ओतला गेला, आणि तोही नेमका त्या संहाराच्या काळाच्या आसपास.

लघुग्रहाच्या बाजूनेही पुरावे वाढत होते. १९८४ मध्ये ब्रूस बोहोर आणि सहकाऱ्यांना मोंटाना येथील त्याच थरात गारगोटीचे असे कण मिळाले, ज्यांच्या आत प्रचंड धक्क्याने उमटलेल्या समांतर रेषा होत्या. अशा रेषा उल्केच्या आघातस्थानी आणि अणुस्फोटाच्या जागी आढळतात. जीवाश्मांच्या बाबतीत फिलिप सिग्नोर आणि जेरे लिप्स यांनी १९८२ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. जीवाश्म विरळच सापडतात. त्यामुळे एका दिवसात नष्ट झालेल्या प्रजातींचेही शेवटचे अवशेष वेगवेगळ्या पातळीवर मिळतात आणि अचानक झालेला अंत सावकाश झाल्यासारखा दिसतो. पीटर वॉर्ड हे अभ्यासक प्रथम अमोनाइट हळूहळू संपले असे मानत. अधिक शोध घेतल्यावर सीमेच्या थरापर्यंत अमोनाइट मिळाले, आणि त्यांनी आपले मत बदलले.

या वादात लुईस अल्व्हारेझ यांचे वर्तन मात्र शोभणारे नव्हते. विरोधकांच्या युक्तिवादाला उत्तर देता देता ते विरोधकांनाच कमी लेखू लागले. जानेवारी १९८८ मध्ये एका प्रमुख अमेरिकन दैनिकाशी बोलताना त्यांनी जीवाश्मशास्त्रज्ञांची तुलना टपाल तिकिटे जमवणाऱ्यांशी केली. अनेक अभ्यासक या शब्दांनी दुखावले गेले. स्वतःच्या ताऱ्याच्या कल्पनेला जी कठोर पण न्याय्य कसोटी त्यांनी लावली होती, ती दुसऱ्यांच्या कल्पनांना आदराने लावण्याचे औदार्य त्यांच्यापाशी नव्हते. शिष्याचे नाव आपल्या आधी घालणाऱ्या कॉम्प्टन यांची आठवण येथे होते. धीम्या गतीने, हाड हाड वेचून काम करणारे जे लोक त्यांना तुच्छ वाटले, त्यांच्याच कामाने पुढे त्यांच्या सिद्धान्ताला बळकटी आणली.

याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. लघुग्रहाच्या धुळीचे हे गणित ज्यांच्या विचाराला प्रेरक ठरले, त्या कार्ल सेगन आदी शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये इशारा दिला की मोठे अणुयुद्ध झाले तर जळत्या शहरांच्या धुराने सूर्य झाकला जाईल आणि पृथ्वीवर अण्वस्त्रजन्य हिवाळा पसरेल. चार वर्षांच्या वॉल्टरला विमानातून पत्र लिहिणाऱ्या पित्याने त्याच वॉल्टरने आणलेल्या मातीतून जो निष्कर्ष काढला, तो असा फिरून त्या अस्त्रापाशीच येऊन पोहोचला.

न पाहिलेले विवर

१ सप्टेंबर १९८८ रोजी बर्कले येथे कर्करोगाने लुईस अल्व्हारेझ यांचे निधन झाले. विरोधक विचारीत होते की एवढा लघुग्रह पडला तर त्याचे विवर कोठे आहे. या प्रश्नाचे उत्तर ते हयात असताना मिळाले नाही. वस्तुतः मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली एक प्रचंड वर्तुळाकार रचना आहे, हे तेलसंशोधन करणाऱ्या ग्लेन पेनफील्ड आणि अँतोनियो कामार्गो यांनी १९८१ मध्येच एका सभेत सांगितले होते. तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९१ मध्ये ॲलन हिल्डेब्रँड आणि सहकाऱ्यांनी ते विवर आणि इरिडियमचा थर यांची सांगड घातली. चिकशुलुब नावाने आता प्रसिद्ध असलेल्या या विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर आहे.

यामुळे वाद संपला असे मात्र झाले नाही. विवराचे अस्तित्व आता सर्वमान्य आहे. दख्खनचा वाटा किती, हा प्रश्न उरला आहे. गुजरातमधील कच्छ जिल्ह्यात अंजार येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात डायनासोरांचे अवशेष आणि इरिडियमही मिळाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील नरेंद्र भंडारी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यावरून दाखवले की दख्खनचा उद्रेक लघुग्रहाच्या आधीच सुरू झाला होता. आघाताने तो सुरू केला नाही. लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमध्ये येथे तळी साचत होती, झाडे वाढत होती आणि प्राणी वावरत होते. नागपूरजवळ टाकळी येथील अशाच थरांतून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच जीवाश्म गोळा केले होते.

२०१० मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी सर्व पुराव्यांचा आढावा घेऊन चिकशुलुबचा आघात हेच संहाराचे कारण असल्याचा निर्वाळा दिला. गेर्टा केलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो मान्य केला नाही. दख्खन हेच प्रमुख कारण, असे त्यांचे प्रतिपादन आहे. काहींच्या मते आघाताच्या हादऱ्याने आधीच चालू असलेला दख्खनचा उद्रेक अधिक वाढला. २०१९ मध्ये दोन गटांनी दख्खनच्या खडकांचे वय अतिशय बारकाईने मोजले. दोन्ही निबंध सायन्सच्या एकाच अंकात आले आणि तरीही एकमेकांशी पूर्ण जुळले नाहीत. एका गटाच्या मते आघाताच्या कित्येक दहा हजार वर्षे आधी एक मोठा उद्रेक झाला होता. दुसऱ्याच्या मते लाव्ह्याचा मोठा भाग आघातानंतर बाहेर पडला. २०२० मध्ये समुद्रतळाच्या गाळातील तापमानाच्या नोंदींवरून आणखी एका गटाने सांगितले की दख्खनच्या वायूंनी झालेली तापमानवाढ संहाराच्या पुष्कळ आधीच ओसरली होती. आज बहुतांश शास्त्रज्ञांचा कौल लघुग्रहाकडे आहे. दख्खनने आधी किंवा नंतर किती भर घातली, याचा शोध चालू आहे.

आपल्या भूमीतील दोन साक्षीदार

या वादाचे दोन्ही पक्ष आपल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येतात. देवगिरीच्या कातीव कड्यासमोर किंवा वेरूळच्या कैलास लेण्यासमोर उभे राहिले की लाव्ह्याच्या थराची जाडी कळते. पाषाणात जागोजागी लहानमोठी छिद्रे दिसतात. लाव्ह्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या वायूंच्या त्या खुणा होत. काही छिद्रांत पांढरे, चमकदार स्फटिक भरलेले असतात. वातावरणात काय मिसळले, याचा विचार करताना शास्त्रज्ञ ज्या वायूंचा हिशेब मांडतात, त्यांचीच ही मागे राहिलेली घरे आहेत.

दुसरा साक्षीदार बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते सरोवर याच काळ्या पाषाणात पडलेले आघातविवर होय. डायनासोरांशी त्याचा संबंध नाही. ते त्या काळाच्या फार नंतरचे आहे. परंतु त्याची कथा बोधप्रद आहे. सभोवार सर्वत्र लाव्हाच असल्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचेच, असे अनेक अभ्यासक दीर्घकाळ मानत. तेथे खोल छिद्रे घेऊन काढलेल्या खडकात तीव्र धक्क्याच्या खुणा आढळल्या आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन संशोधकांच्या निबंधाने ते उल्काघाताचे असल्याचे दाखवून दिले. ज्वालामुखी की आघात, हा प्रश्न अल्व्हारेझ यांच्या निबंधाच्या सात वर्षे आधी आपल्याच भूमीत विचारला गेला होता आणि पुराव्यानेच सुटला होता.

लुईस अल्व्हारेझ यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वडिलांनी सांगितलेली ती शांत संध्याकाळ आहे. आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर जाऊन, वयाची पर्वा न करता नवा प्रश्न हाती घेण्याचे धैर्य आहे. हाती आलेले यश संशयास्पद वाटताच पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचा प्रामाणिकपणा आहे. आणि न घेण्यासारखेही आहे. आपले म्हणणे खरे असले तरी दुसऱ्याला हीन लेखण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. आणि ज्ञानाचा उपयोग कशासाठी होणार, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवून चालत नाही.

या शाळेतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या भूशास्त्राकडे वळेल, तर त्याला दूरदेशी जाण्याआधी आपल्या गावच्या डोंगरापाशीच काम मिळेल. दख्खनचा लाव्हा नेमका केव्हा आणि किती वेगाने ओतला गेला, याचे अंतिम उत्तर अद्याप लिहावयाचे आहे, आणि त्याचा कागद आपल्या पायाखाली अंथरलेला आहे.